कार्ड फिटेपर्यंत घरच्यांना द्यायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या मानेवाड्यातलं चौघांचं घर. दोघांची मिळून हातात येणारी कमाई ४६,००० रुपये. क्रेडिट कार्डावर ६८,००० थकलेले, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. त्याशिवाय पर्सनल लोनचा हप्ता ७,४००. दिवाळीला दोन महिने आहेत. दोन नणंदांची भाऊबीज, डिसेंबरात धाकट्या नणंदेच्या बाळाचं बारसं, जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आणि मार्चमध्ये सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं. विचारणाऱ्या ताई लिहितात, "कार्डावर महिन्याला ६,००० भरून राहिलो. कोणाला काही कमी केलं असं वाटू नये आणि कार्डावर एक रुपयाही चढू नये, असं जमेल का?"

जमेल. पण आधी कार्डाचा हिशेब बघा, कारण बाकी सगळे निर्णय त्यावरून ठरतात. ६८,००० वर साडेतीन टक्के म्हणजे महिन्याला २,३८० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ४२८. एकूण २,८०८. बिलावर किमान रक्कम पाच टक्के धरली तर ३,४०० येते. तेवढेच भरले तर मुद्दलातून फक्त ५९२ रुपये कमी होतात. तुम्ही ६,००० भरताय हे फार चांगलं आहे. नवी खरेदी झाली नाही तर साधारण १६ महिन्यांत कार्ड संपतं.

आता याच कार्डावर दिवाळीत ८,००० ची खरेदी झाली असं धरा. हप्ता तोच ६,००० ठेवला तर फेड १९व्या महिन्यात जाते आणि एकूण भरणा सुमारे १६,००० रुपयांनी वाढतो. म्हणजे नणंदेला दिलेली दोन हजारांची साडी तुम्हाला चार हजारांना पडते, आणि ते तिला कधी कळतही नाही. याचं कारण असं की मागची थकबाकी असताना कार्डावर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. "पन्नास दिवस फुकट" हे फक्त दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी आहे.

नो कॉस्ट ईएमआयचंही तसंच. त्यात प्रोसेसिंग फी लागते, व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो, आणि बरेचदा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही. बीसी (भिशी) लवकर उचलून सण काढणं हा आपल्याकडचा नेहमीचा मार्ग, पण बोलीची बीसी (जो सगळ्यात कमी रकमेवर उचलेल त्याला मिळणारी) असेल तर तेही कर्जच आहे. २० जणांची २,००० ची, म्हणजे ४०,००० ची बीसी ३४,००० वर उचलली तर सहा हजार रुपये तुम्ही व्याज म्हणूनच सोडले.

म्हणून भेटींसाठी वेगळा डबा करा. महिन्याला ६००, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, रोख. बँकेतल्या खात्यात ठेवू नका, कारण तिथून हप्त्याची वळती जाते (हप्ता आपोआप कापला जातो) आणि यूपीआयने दहा-वीस रुपये कुठे जातात ते कळत नाही. उलटंही सांभाळा: हप्त्याच्या तारखेआधी खात्यात हप्ता आणि वर पाचशे शिल्लक असलीच पाहिजे. वळती परत गेली तर बँक आणि कर्ज देणारा, दोघंही दंड लावतात, आणि तो दंड एका भाऊबीजेपेक्षा जास्त होतो. ६०० हा आकडा मी कमाईच्या सव्वा टक्क्याच्या आसपास ठेवलाय. शून्य ठेवू नका. शून्य ठेवलेलं घर धनत्रयोदशीला कार्ड बाहेर काढतंच.

भेटवस्तू महाग होते ती बहुतेक वेळा घाईमुळे. बारशाला संध्याकाळी जायचंय आणि दुपारी सीताबर्डीला गेलात तर समोर दिसेल ते, दुकानदार सांगेल त्या भावात घेणार. तेच तीन महिने आधी ठरलं असेल तर निम्म्याहून कमी पैशात, आणि बरेचदा जास्त उपयोगी असं काही देता येतं. त्यामुळे आज एक कागद घ्या, वर्षभराचे देण्याचे प्रसंग महिन्यावार लिहा, आणि प्रत्येकापुढे वस्तू व रक्कम लिहा. तुमच्या प्रसंगांसाठी तो कागद कसा दिसेल ते खाली देतो. भाव साधारण धरले आहेत, बाजारात थोडे वरखाली होतील.

भाऊबीज. डब्यात तोवर १,२०० जमलेले असतील. दोघींच्या ओवाळणीत ३०१ प्रमाणे रोख टाका. रोख देणं कमीपणाचं नाही, ओवाळणीची मूळ रीत तीच आहे. साड्या नंतर आल्या. सोबत प्रत्येकीला जवसाच्या चटणीची बरणी. विदर्भात जवस घरोघरी खाल्लं जातं, पण भाजून कुटायला आता कोणाला सवड नसते, म्हणून ही बरणी खरंच संपते.

पाच लहान बरण्यांसाठी: जवस ५०० ग्रॅम, सुक्या लाल मिरच्या ४०-५० ग्रॅम (भिवापुरी मिळाली तर रंग आणि तिखटपणा दोन्ही छान येतात), लसूण ६० ग्रॅम, जिरं १५ ग्रॅम, मीठ २० ग्रॅम. जवस निवडून, मंद आचेवर जाड कढईत थोडंथोडं भाजा. तडतड सुरू होऊन कमी झाली आणि दाणा दाताखाली कुरकुरीत तुटला की उतरवा. रंग बघून ठरवू नका, जवस मुळातच तपकिरी असतं आणि करपलेलं उशिरा दिसतं. करपलं की चटणी कडू लागते, मग काही करता येत नाही. लसूण सोलून, चिरून, तेलाशिवाय कोरडा होईपर्यंत परता. ओला लसूण राहिला तर आठवड्याभरात बुरशी धरते. सगळं पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं तर जवसाचं तेल सुटतं आणि चटणीचे गोळे होतात.

जवसाचं तेल लवकर खवट होतं, म्हणून भाजून कुटायचं काम भाऊबीजेच्या तीन-चार दिवस आधीच करा. दसऱ्याला करून ठेवू नका. बरणीवर कुटल्याची तारीख लिहा आणि महिन्याभरात संपवा असं सांगा. बरण्या घरातल्याच कॉफीच्या, लोणच्याच्या घ्या. लोणच्याच्या बरणीचा वास जात नसेल तर बेसन आणि गरम पाण्याने झाकण घासून दिवसभर उन्हात ठेवा. वास बहुतेक झाकणातच असतो, काचेत नसतो. सगळं मिळून दीडशेच्या आत.

इथे एक इशारा देतो. हाताने केलेलं म्हणजे स्वस्त, हे नेहमी खरं नसतं. नवी बरणी ४०, रिबन, छापील लेबल, पिशवी असं करत ३० रुपयांची चटणी १२० ला जाते. वस्तूपेक्षा सजावटीला जास्त पैसे लागले की थांबा. आणि जे काम आधी कधी केलं नाही ते भेटीसाठी शिकू नका. पहिल्या खेपेत सामान वाया जातं.

डिसेंबरातलं बारसं. बाळाला तयार कपडे बाकी सगळे देतील, आणि तीन महिन्यांत ते लहान होतील. तुम्ही मऊ सुती साडीची गोधडी द्या. आजीची साडी असेल तर फारच छान. हिशेब सोपा आहे: पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद असते. १.१ मीटरचे चौकोन कापले की बरोबर पाच थर मिळतात. बाळाला तेवढे पुरे.

कापण्याआधी साडी गरम पाण्यात धुवा आणि पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून रंग सुटतो का बघा. लाल आणि काळी काठपट्टी हमखास सोडते. सोडत असेल तर काठ काढून टाका. साडीत पॉलिस्टरची भेसळ आहे का, हे कळायला कडेचा एक धागा जाळून बघा. सुताची राख होते, पॉलिस्टरचा टणक मणी होतो. भेसळीची साडी वापरू नका, नागपूरच्या मार्च-एप्रिलमध्ये बाळाला त्यात घाम येतो आणि घामोळं उठतं. पाचही थर जमिनीवर ताणून पसरवा, मधून कडेकडे मोठे कच्चे टाके घाला, म्हणजे थर सरकत नाहीत. मग जाड सुती दोऱ्याने कडेपासून आत, चौकोनात चौकोन, दोन बोटांच्या अंतराने धावदोरा. टाका अर्ध्या बोटापेक्षा मोठा नको, बाळाची बोटं अडकतात. त्याच कारणाने लेस, टिकल्या, मणी अजिबात नको.

गोधडी बिघडते ती बहुतेक एकाच कारणाने: वरचा थर नव्या कापडाचा लावतात. नवं सूत पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आटत नाही, आणि सगळी गोधडी चुरगळून आखडते. वर नवं कापड हवंच असेल तर ते आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन घ्या. रोज तासभर बसलात तर १२ ते १५ दिवस लागतात. नोव्हेंबरच्या मध्यावर सुरुवात करा. दोरा, सुई आणि कडेची पट्टी मिळून १५० रुपये.

डिसेंबरातच आणखी एक काम करून ठेवा. आंबिया बहाराची संत्री तेव्हा भरात असतात आणि कॉटन मार्केटात किंवा कळमन्यात भाव उतरलेला असतो. अडीच किलो पिकलेल्या संत्र्यांतून साधारण एक लिटर रस निघतो. एक लिटर रस, पावणेदोन किलो साखर, एक लिटर पाणी आणि २० ग्रॅम लिंबूसत्त्व यांचं तीन लिटरच्या वर सरबत होतं, म्हणजे पाऊण लिटरच्या चार बाटल्या. खर्च सुमारे २५०. एक बारशाच्या घरी, एक सासूबाईंकडे, दोन अचानक येणाऱ्या बोलावण्यांसाठी राखून ठेवा.

संत्र्याचा रस काढल्यावर गोड लागतो आणि दुसऱ्या दिवशी कडू होतो, ही सगळ्यांचीच तक्रार. बियांतून आणि आतल्या पांढऱ्या सालीतून रसात उतरणारा घटक हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलतो, त्यामुळे असं होतं. उष्णतेने ते आणखी लवकर होतं. म्हणून मिक्सर वापरूच नका, बिया भरडल्या जातात. आडवं कापून हाताच्या यंत्रावर हलकं दाबा, शेवटचा थेंब पिळण्याचा हट्ट धरू नका, आणि लगेच गाळा. रस उकळायचा नाही. साखर, पाणी आणि लिंबूसत्त्व उकळून, गाळून, पूर्ण गार करून मग त्यात रस मिसळा. हिरवट संत्री घेऊ नका, ती जास्त कडवट असतात.

टिकण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लागतं, दुकानात केएमएस म्हणून मागा. वरच्या प्रमाणाला २ ग्रॅम पुरे. घरच्या काट्यावर २ ग्रॅम नीट मोजता येत नाहीत. १० ग्रॅमची पुडी १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं २० मिलिलिटर औषधाच्या मापाने घाला. हे सगळ्यात शेवटी, गार सरबतात. अंदाजाने चमचाभर टाकलं तर घशाला झोंबतं. घरात कोणाला दमा असेल तर त्यांना हे सरबत देऊ नका, सल्फाइटने दम्याचा त्रास वाढू शकतो. बाटल्या काचेच्या, उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेल्या. वर दोन बोटं जागा सोडा. पिताना एका भागाला तीन भाग पाणी.

संक्रांतीचं वाण. २५ बायका धरल्या आहेत. प्लास्टिकचे डबे, चाळण्या, कंगवे हे सगळं २० ते ४० रुपयांत येतं आणि प्रत्येक घरी माळ्यावर जातं. त्याच पैशात प्रत्येकीला १०० ग्रॅम हळद द्या, घरी दळलेली. वायगावची हळद आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली. ती मिळाली तर उत्तम, नाहीतर इतवारीच्या किराणा ओळीत किंवा मस्कासाथेत अख्खी हळकुंडं बघून घ्या. हळकुंड मोडलं की खणकन आवाज यायला हवा आणि आत गडद केशरी रंग दिसायला हवा. वाकून तुटणारं म्हणजे ओलं, ते दळल्यावर गाठी धरतं. बाहेरून फारच चमकणारं पिवळं घेऊ नका, वरून रंग चढवलेला असू शकतो. दळलेल्या हळदीत काय मिसळलंय ते कळत नाही, म्हणून तर अख्खी घ्यायची.

२०० रुपये किलोने अडीच किलोचे ५००, दळणाचे ७५, पिशव्या आणि दोऱ्याचे ७५, असे ६५०. एकीचं वाण २६ रुपयांना. दळायला मसाल्याच्या चक्कीवर सकाळी पहिला नंबर लावू नका, आदल्या दिवशीच्या मिरचीचा घाणा त्यात उतरतो. कोणीतरी हळद किंवा धणे दळून गेल्यावर द्या, किंवा आधी मूठभर दळून बाजूला काढायला सांगा. दळून आल्यावर परातीत पसरून गार होऊ द्या, गरम भरली तर पिशवीत घाम येतो. जुन्या ब्लाउजपीसचे बटवे शिवायचे असतील तर आत छोटी बंद पिशवी हवीच. थेट कापडात भरलेली हळद झिरपते आणि समोरच्या बाईची चांगली साडी पिवळी होते.

आता मार्च. लग्नाची ५० वर्षं हा मोठा प्रसंग आहे आणि इथेच घरं कार्ड काढतात. माझं मत असं की इथे दोन गोष्टी द्या, एक चारचौघांत हातात द्यायची आणि एक कामाची.

हातात द्यायची ती सासूबाईंच्या पदार्थांची वही. त्यासाठी जानेवारीपासून दर रविवारी एक पदार्थ त्यांच्या शेजारी बसून लिहून घ्या: गोळाभात, पाटवडीचा रस्सा, सांडगे, महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची आंबील, जे त्यांच्या हातचं असेल ते. दहा रविवारांत दहा पदार्थ होतात. "अंदाजाने घालायचं" याच्यावर उपाय असा: पिठाचा डबा काट्यावर ठेवा, त्यांना नेहमीसारखी मूठ घ्यायला सांगा, डबा किती ग्रॅमने कमी झाला ते लिहा. त्यांच्या हाताचं माप असंच मिळतं. वेळ घड्याळाने लिहा, आणि "कधी उतरवायचं" हे त्यांच्याच शब्दांत. चार ओळी त्यांच्या हस्ताक्षरात घ्या. सासऱ्यांना विचारून प्रत्येक पदार्थामागे तो पहिल्यांदा कधी, कोणाकडे खाल्ला ते दोन ओळींत टिपा.

सोबत जुने फोटो लागतील. अल्बमच्या चिकट पानावरून फोटो ओढून काढू नका, पापुद्रा निघतो. कडेखालून दात साफ करायचा धागा करवतीसारखा सरकवा. तरीही सुटत नसेल तर पानावर असतानाच फोनने टिपा. सकाळी दहाच्या सुमारास व्हरांड्याच्या सावलीत, फ्लॅश बंद, फोन फोटोला अगदी समांतर. वरचं प्लास्टिक असेल तर ते उघडून. व्हॉट्सॲपवरून प्रिंटवाल्याला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि छापल्यावर फुटतो. चार बाय सहा इंचासाठी १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात. वहीच्या तीन प्रती करा, एकेक नणंदांसाठी. झेरॉक्स, मोजके रंगीत प्रिंट आणि स्पायरल मिळून ४०० च्या आसपास.

कामाची भेट म्हणजे त्यांचा कूलर उन्हाळ्याआधी तयार करून देणं. मार्चच्या शेवटी मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर सांगेल ते पैसे घेतो, आणि म्हातारी माणसं "बघू नंतर" म्हणत ४२ डिग्रीत पंख्याखाली बसतात. मार्चच्या पहिल्या रविवारी अर्धा दिवस काढा.

पहिली गोष्ट, प्लग काढून हातात घ्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही. तिन्ही बाजूंच्या जाळ्या काढा, जुनी खस किंवा वुडवूल टाकून द्या. टाकीत आणि जाळ्यांवर पांढरा खर (पाण्यातल्या क्षारांचा थर) धरलेला असतो. दोन लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून ते अर्धा तास लावून ठेवा, मग प्लास्टिकच्या ब्रशने घासा. लोखंडी तारेने घासू नका, गॅल्व्हनाइझचा थर जातो आणि पुढच्या वर्षी टाकी गळते. गंज दिसत असेल तर पॉलिश पेपरने घासून, पूर्ण वाळवून आतून डांबरी रंगाचा हात द्या, दोन दिवस सुकू द्या.

पंपाची खालची जाळी आणि टोपी उघडून आतला पंखा हाताने फिरवून बघा. बहुतेक वेळा केस, गवत, खर अडकलेला असतो आणि लोक विनाकारण नवा पंप घेतात. पाणी पसरवणाऱ्या नळीची भोकं सुईने मोकळी करा. मोटरच्या दोन्ही टोकांना तेल सोडायची जागा असेल तर मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब, जास्त नाही. नवी खस जाळीत सारख्या जाडीने भरा. पातळ राहिलेल्या जागेतून हवा कोरडीच आत येते, आणि फार ठासली तर हवाच येत नाही. वरच्या कोपऱ्यांत जास्त भरा, कारण ओली झाल्यावर खस खाली बसते. खोलीची समोरची खिडकी बोटभर उघडी हवी, नाहीतर दमट होतं आणि दोष कूलरला लागतो.

आणि अर्थिंग. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. तीन पिनांचाच प्लग हवा, आणि तिसरी तार कूलरच्या पत्र्याला आतून स्क्रूने जोडलेली हवी. बरेचदा ती तुटून लोंबकळत असते. भिंतीतल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, ते पैसे या भेटीतलेच धरा. कूलरमागे मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा: "प्लग काढूनच पाणी भरा." खस, किरकोळ सामान आणि तपासणी मिळून ९००. पंप खरंच गेला असेल तर दोन-तीनशे वर.

सासऱ्यांना ईपीएफची किंवा केंद्र सरकारची पेन्शन असेल तर हयातीचा दाखला फोनवरून चेहरा दाखवून काढून देणं हीसुद्धा भेटच आहे. केंद्राच्या पेन्शनधारकांचा तो नोव्हेंबरात द्यावा लागतो. ईपीएफवाल्यांचा वर्षात कधीही चालतो आणि दिल्यापासून वर्षभर धरला जातो. आधार, पीपीओ क्रमांक आणि बँक खातं हाताशी ठेवा, चेहऱ्यावर समोरून उजेड हवा. आलेला दाखल्याचा क्रमांक (प्रमाण आयडी) वहीत लिहून ठेवा.

डब्याचा हिशेब लावून बघा. दिवाळीला १,२०० मधून ७५२ गेले, ४४८ उरले. नोव्हेंबर-डिसेंबरचे १,२०० आले, गोधडी आणि सरबताचे ४०० गेले, १,२४८. जानेवारीचे ६०० आले, वाणाचे ६५० गेले, १,१९८. फेब्रुवारी-मार्चचे १,२०० आले, वही आणि कूलरचे १,३०० गेले. एप्रिलच्या लग्नसराईत १,०९८ हातात आहेत. लग्नात एकेकट्याने आहेर करण्यापेक्षा चार घरांनी मिळून एक कुकर द्या, प्रत्येकी पाचशेच्या आत बसतं. कोणी पैसे गोळा करायचे ते आधी ठरवा आणि तुम्ही स्वतः आगाऊ भरू नका, उरलेल्यांकडून मागणं जमत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारी येणाऱ्या पोरांचा बोजारा (त्यांना द्यायचे पैसे) याच डब्यातून सुट्ट्या दहाच्या नोटांनी. पुस्तकं द्यायची असतील तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लागणाऱ्या स्टॉलांवरून घ्या, मुलांसाठी कमी पैशात इतकी निवड वर्षात दुसरीकडे मिळत नाही.

राहिला शेवटचा भाग: घरच्यांना कर्जाचं सांगायचं का? आकडा सांगायची गरज नाही, पण बदल सांगायलाच हवा, आणि तो सणाच्या आधी. भाऊबीजेच्या ताटासमोर कळलं तर नणंदेला वाटतं की आपल्याशीच काही बिनसलं. दसऱ्याच्या आसपास फोन करा. फोन तिच्या भावाने करायचा, तुम्ही नाही, नाहीतर वहिनीने हात आखडला असं होतं. दोन्ही बहिणींना एकाच दिवशी, एकाच शब्दांत. लांबण नको, माफी नको: "ताई, यंदा आम्ही कार्ड फेडून राहिलो, पुढच्या दिवाळीनंतर मोकळे होऊ. तोपर्यंत ओवाळणी तीनशे एक. तू पण आमच्या पोरांना कपडे घेऊ नको, तुझ्या हातचे अनारसे आण."